घोड्याची काडी

काडी आगपेटीतल्या काडीपेक्षा थोडीच लांब होती. पोलादाची, मध्ये किंचित वाकलेली. तिचं वरचं टोक पिस्तुलाच्या घोड्यात अडकवलेलं होतं आणि खालचं मोकळं. पिस्तूल जिकडे कलेल तिकडे ते लोंबत होतं. इतक्या घट्ट बसणाऱ्या यंत्रात स्वतःच्या मर्जीने हलणारा तेवढा एकच तुकडा होता, आणि सगळं काम त्याच्यापाशी येऊन अडलं होतं.

"आई, हे बंद होतंय, पण होत नाहीये," सून म्हणाली.

"म्हणजे नक्की काय होतंय?"

"मुठीमागची पट्टी बसते. टक् असा आवाजही येतो. पण वरचा सरकता बोल्ट मागे ओढला की अर्ध्यावर थांबतो. मग परत सगळं उघडा. सकाळपासून हेच चाललंय माझं."

सासूने भाजीची पिशवी दाराशी ठेवली. नेमबाजीच्या क्लबात सगळे तिला मावशी म्हणत, आणि आता गल्लीतही तेच नाव रूढ झालं होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून ती शनिवारी लवकर सुटायची. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली होती. तिच्यावर पिस्तुलाचे भाग मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेले होते. मांडणी चोख होती. सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि हत्यारं ओळीने लावल्याशिवाय तिला काम सुचायचं नाही.

"मॅगझिन?"

"काढलंय. काडतुसं कपाटात, कुलपात. नळी रिकामी आहे, दोनदा बघितली."

"आणि नळी सुटली कशी? ती तर हाताने निघत नाही."

सुनेने चादरीची सुरकुती सारखी केली. खिडकीजवळ इस्त्री करत असलेला मावशीचा नवरा मात्र याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"लाटण्याने!" तो म्हणाला. "सासूचं पिस्तूल, सुनेचं लाटणं. मी मधे पडलो नाही."

"टॉवेल गुंडाळला होता लाटण्याला," सून घाईने म्हणाली.

मावशीला हसू आलं, पण ते ओठांवर येण्याआधी तिने नळी उचलून खिडकीकडे धरली. आतून ती आरशासारखी चमकत होती.

"ब्रश घातलास?"

"ब्रश, तेल, मग कोरडं कापड. किती काळं निघालं माहितीये? तुम्ही कधी आतून साफच करत नाही का हो?"

"करत नाही."

ती करत नव्हती, आणि त्याला कारण होतं. या बारीक काडतुसांच्या गोळ्या शिशाच्या असतात, वरून मेण लावलेल्या. नळी त्या शिशाचा आणि मेणाचा पातळ थर स्वतःवर चढवून घेते. तो थर जमला की गोळ्या एका जागी पडू लागतात. थर घासून काढला तर सुरुवातीच्या गोळ्या इकडेतिकडे भरकटतात आणि मग पुन्हा नळी रुळते. मावशी बाकीचं यंत्र काळजीने पुसायची, पण स्पर्धांच्या दिवसांत नळीच्या वाटेला जायची नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी घासणं म्हणजे परीक्षेच्या सकाळी नवा चष्मा लावून बसण्यासारखं होतं.

हे सगळं तिने सांगितलं तेव्हा सुनेचा चेहरा उतरला.

"आता?"

"आता काही नाही. उद्या आधी सरावाच्या गोळ्या असतात, त्यात जरा जास्त झाडायच्या. पण इतकं रगडून साफ करायचं तुला सुचलं कसं?"

"म्हटलं, माझ्या हातात येणार तर..." सून थांबली. तिने सासऱ्याकडे पाहिलं. इस्त्रीही थांबली होती.

"तुझ्या हातात?"

"बाबा म्हणाले, तुमचं ठरलंय. यंदा मी उभं राहायचं."

मावशीच्या हातात पिस्तुलाची मूठ होती. तेव्हा तिला एक नवी गोष्ट दिसली. मुठीच्या कडेला चिकटपट्टीचा एक अरुंद तुकडा गुंडाळलेला होता, बारीक तळव्याला पकड यावी म्हणून. कडा कात्रीने सरळ कापलेल्या होत्या.

"मी कधी म्हटलं, ठरलंय?" ती नवऱ्याकडे वळली.

"अगं, गेल्या रविवारी नाही का मी विचारलं? यंदाही सुनेलाच पाठवूया, चालेल ना? तू म्हणालीस, बघू."

"बघूच म्हणाले ना?"

"तेच तर. तुझं बघू म्हणजे हो. लग्न झाल्यापासून ऐकतोय मी."

पुरावा त्याच्या बाजूने होता, हे तिला मान्य करावं लागलं. स्वयंपाकघराला पिवळा रंग लावायचा का, यावर ती बघू म्हणाली होती, आणि भिंती पिवळ्या होत्या. घरात पिस्तूल एकच होतं, परवान्यावर नावं दोघींची. बायकांची स्पर्धा एकाच बारीत, सगळ्यांची एकदम व्हायची, म्हणून घरातून एकच जण उभी राहू शकत होती. मुलाच्या लग्नाच्या वर्षी मावशी थांबली. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही थांबली. गेल्या वर्षी सुनेची पहिलीच वेळ होती, तेव्हाही ती बघूच म्हणाली होती. आज संध्याकाळपर्यंत क्लबाच्या सेक्रेटरीला नाव कळवायचं होतं. त्याचा फोन सकाळी येऊन गेला होता, तेव्हाही तिने त्याला तेच उत्तर दिलं होतं.

नेम कमी पडत असता तर गोष्ट वेगळी होती. पण या महिन्यात सरावाला कधी सून पुढे असायची, कधी ती.

"सरक," ती सुनेला म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिने नळी चौकटीवर चढवली, बोल्ट सरकवला, चाप दाबून घोडा खाली आणला, मोठी पिन घातली आणि पट्टी मुठीत दाबली. टक्. तिने बोल्ट ओढला. तो अर्ध्यावर थांबला.

"बघा!" सून म्हणाली. तिच्या आवाजात थोडं समाधान होतं.

मावशीने पुन्हा सगळं उघडलं. पट्टीच्या खाचेत नख घालताना ते मुळापासून दुमडलं. पुन्हा बसवलं. पुन्हा टक्, पुन्हा अर्ध्यावर. हे यंत्र चुकीचं बसलं तरी बरोबर बसल्यासारखा आवाज करायचं. तिला सगळ्यात जास्त राग त्याचा येत होता.

"लाटणं देऊ?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो."

तिने पिस्तूल चादरीवर ठेवलं आणि तळवे पुसले. प्रयोगशाळेत रागाच्या भरात कुणी थेंब मोजून सोडणाऱ्या काचेच्या ब्युरेटची तोटी फिरवली की शेवटचा थेंब हटकून जास्त पडायचा आणि गुलाबी रंग एकदम गडद व्हायचा. मग ते पाणी फेकून पहिल्यापासून. तिथे नव्या मुलींना ती सांगायची, रंगाकडे बघा, घड्याळाकडे नको.

"इकडे ये," ती सुनेला म्हणाली. "आतून बघ. पट्टीत स्प्रिंग आहे, तिच्या डोक्यावर बारीकशी वाटी आहे. दिसली? काडीचं टोक त्या वाटीत पडायला हवं. आपण पिस्तूल आडवं धरतो, म्हणून काडी बाजूला अडकते. पट्टी बंद होते, पण काडी बाहेरच राहते."

"मग तिला धरायचं कशाने? चिमटा आणू? माझ्याकडे लांब टोकाचा आहे."

"धरायचंच नाही. नळी छताकडे कर. अजून. आता ती आपसूक मागे लोंबेल."

सुनेने पिस्तूल उभं धरलं. काडी हळूच मागे आली आणि स्थिर झाली. मावशीने पट्टी अगदी सावकाश आत नेली. वाटीला काडी टेकल्याचा दाब बोटाला कळला, आवाज येण्याच्या आधी. मग टक् झालं.

"ओढ."

बोल्ट शेवटपर्यंत मागे आला आणि सोडल्यावर सरळ आपल्या जागी गेला. सुनेने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला, आणि लहान मुलीसारखी हसली.

"सकाळपासून मी तिला ढकलत होते," ती म्हणाली. मग तिने पिस्तूल चादरीवर ठेवलं. "आई, एक विचारू? तुम्हाला खेळायचंय का?"

"अगं, ती काय सांगणार? मी सांगतो ना," नवरा म्हणाला.

"बाबा, तुम्ही कॉलर बघा. जळतेय."

मावशीला हा प्रश्न या रूपात कुणी विचारला नव्हता. चालेल ना, असं विचारत. राहू दे ना या वेळी, असं विचारत. तशा प्रश्नांना बघू हे उत्तर पुरून उरायचं. खेळायचंय का, याला ते पुरत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचे हात तेलकट होते, म्हणून सुनेनेच तो उचलला आणि स्पीकर लावून तिच्यासमोर धरला.

"मावशी, यादी पाठवतोय," सेक्रेटरी म्हणाला. "सूनबाईंचंच नाव टाकतो. काका परवा म्हणाले होते तसं."

नवऱ्याने इस्त्रीची वाफ जोरात सोडली.

एका हातात फोन धरून सुनेने दुसऱ्या हाताच्या नखाने मुठीवरची चिकटपट्टी सोडवायला घेतली. ती खालमानेने सोडवत होती, कडा फाटू नये अशी जपून, जणू फोनवरच्या बोलण्याशी तिचा संबंधच नव्हता. चिकटपट्टी निघाली. तिने तिची लहानशी गुंडाळी केली आणि पदराआड न लपवता सरळ चादरीवर ठेवली.

मावशीने ते पाहिलं. या क्षणी मोठं मन दाखवणं फार सोपं होतं. शब्द ओठांवर तयारच होता, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला.

"मावशी? ऐकताय ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. तिने फोनकडे थोडं झुकून, प्रत्येक शब्द स्वच्छ पोचेल असा उच्चारला. "माझं नाव लिही. उद्या मी खेळणार आहे."