लॉनवरची होडी

मी होडी बोलतेय. होडी म्हटल्यावर लगेच समुद्र, लाटा, वादळ असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. समुद्र मी पाहिलेला नाही. मी गोड्या, संथ पाण्याची होडी.

माझा जन्म नाशिकला, अंबडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि न्हाणीघराची दारं बनत, आणि मागणी आली तर होड्या. साच्यात पांढऱ्या जाळीचे थर अंथरायचे, त्यावर उग्र वासाचं चिकट रसायन फासायचं, की झाली होडी. मी वाळल्यावर मला ठोकून ठोकून साच्याबाहेर काढलं, तेव्हा एक कामगार म्हणाला, "ही होडी कसली, परात आहे परात!" सगळे हसले. तेच माझं बारसं.

खरंच मी देखणी नव्हते. तळ सपाट, अंग रुंद, टोक बोथट, रंग फिका निळा. शेडबाहेरच्या अंगणात माझ्या शेजारी एक लांबसडक होडी होती. तिच्या अंगावर लाल पट्टा, मागे इंजिन बसवायला जागा. भिंतीवरच्या खिळ्याला हवा भरायची एक रबरी होडी टांगलेली होती. येणारं गिऱ्हाईक त्या दोघींकडे बघायचं. माझ्यावर लोक चहाचे कप ठेवायचे.

एके दिवशी नवसाबाई आली. गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी तिचं गाव. सोबत तिचा धाकटा भाऊ सुनील. आई गेली तेव्हा सुनील रांगत होता. नवसाबाईनेच त्याला वाढवला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती माहेरी परत आली. बहीण-भाऊ दुसऱ्यांच्या होड्यांवर राबायचे. पकडलेल्या मासळीतला चांगला माल मालकाचा, बारीकसारीक यांचा. आता स्वतःची होडी घ्यायची म्हणून ती आली होती.

सुनील थेट लाल पट्टेवालीपाशी गेला. "ताई, हीच! काय रुबाब हाय बघ."

"रुबाब पाण्यावर चालतो का रं?" नवसाबाई म्हणाली. "हिला इंजिन लागंल. आपल्या धरणात लाटा येत्यात का? एवढं टोक कशाला, कुणाला भोसकायचंय?"

मग तिने रबरी होडीला बोट लावलं. "आणि ही? पाण्याखाली बाभळीची खोडं हायती. एक काटा घुसला का खेळ खलास."

मग ती माझ्यापाशी आली. कप उचलून बाजूला ठेवले. चपला काढल्या आणि माझ्यात उतरली. कडेशी उभी राहिली, वाकली आणि जाळं ओढतात तसे हात हलवून पाहिले. मी हलले नाही.

"उभं राहून जाळं ओढता येईल हिच्यात," ती म्हणाली. "सुन्या, तिकडून धर बरं." दोघांनी मला उचललं. "हलकी हाय. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं का गाळातून आपल्याला दोघांनाच वढायची हाय."

"ताई, ही होडी हाय का गव्हाण?" सुनील कुरकुरला.

"गव्हाण तर गव्हाण. पोट भरायचंच काम हाय तिचं."

दुकानदारही हसला. लाल पट्टेवालीच्या किमतीत माझ्यासारख्या दोन आल्या असत्या, पण नवसाबाईने मला स्वस्त म्हणून घेतलं नाही. तिने मला पारखून घेतलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा कुणी माझा तळ आणि माझी रुंदी बघून मान हलवली होती. पिकअपमधून गावाकडे जाताना सुनील आधी फुगून बसला होता. मग हळूच माझ्यावर थाप मारून म्हणाला, "ताई, पुढं मी बसणार बरं का."

आणि मला पाणी लागलं! ते सुख मी कसं सांगू? जमिनीवर मी परात होते, पाण्यावर मी होडी झाले. नवसाबाईने जुन्या टायरचं रबर कापून, सुतळीने शिवून वल्ह्यांसाठी कड्या केल्या. टाके वाकडेतिकडे होते, पण कधी उसवले नाहीत. पहाटे धुकं असताना आम्ही निघायचो. सुनील वल्हवायचा, ती जाळं सोडायची. रोहू, कटला, चिलापी. कधी मरळ लागला की सुनील आनंदाने ओरडायचा आणि ती दटावायची, "गप, बाकीचे पळून जातील." मासळी घेऊन ती स्वतः नाशिकला जायची, पंचवटीतल्या पुलाच्या अलीकडे पाटी मांडून बसायची.

माणसांची एक गोष्ट मला तेव्हा कळली. दोघं एका होडीत बसली म्हणजे त्यांचं मनही एकाच दिशेला असतं, असं नाही. समोरच्या काठावर एक रिसॉर्ट झालं होतं. पाण्यापर्यंत उतरत आलेलं हिरवंगार लॉन, रंगीत छत्र्या. सुनील वल्हवताना तिकडे बघत राहायचा. थंडीत त्याच्या बोटांना चिरा पडायच्या. "जन्मभर हेच का?" असं तो एकदा पुटपुटला. नवसाबाई जाळं झटकत होती. तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

श्रावणात पाऊस लागून राहिला होता. धरण भरत आलं होतं. नवसाबाई पेठला नणंदेच्या घरी दहाव्याला गेली होती. दुपारी सुनील एकटाच आला. त्याने माझी दोरी सोडली. जाळं घेतलं नाही, पाटी घेतली नाही. मला वाटलं, आज नुसतंच फिरायचं असेल. मी खुशीत निघाले.

त्याने मला सरळ समोरच्या काठाला नेलं. रिसॉर्टचा मॅनेजर छत्री धरून उभा होता. दोन माळी पुढे झाले आणि त्यांनी मला ओढून गवतावर घेतलं.

"होडी तुमचीच ना?" मॅनेजरने विचारलं.

"माझीच हाय, साहेब," सुनील म्हणाला.

"ठीक आहे. एक तारखेपासून गेटवर या. ड्रेस मिळेल."

सुनीलने वाकून नळावर पाय धुतले आणि मागे न बघता गेला. माळ्यांनी मला भिंतीमागे नेऊन वर ताडपत्री टाकली. मला अजून वाटत होतं, पाऊस ओसरला की हा परत येईल. खोटं सांगत नाही, चांगले बरेच दिवस मला तसंच वाटत होतं.

पावसाळा संपल्यावर ताडपत्री निघाली. मला लॉनवर आणून ठेवलं आणि पांढरा रंग दिला. टायरच्या कड्या तशाच ठेवल्या, म्हणे "गावरान लुक" येतो. मग एक माणूस ड्रिलमशीन घेऊन आला. पावसाचं पाणी साचू नये म्हणून त्याने माझ्या तळाला भोकं पाडली. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. पण पाणी आत येऊ न देणं ही एकच गोष्ट मला जन्मापासून येत होती, तीही गेली.

लग्नसराई सुरू झाली. कधी माझ्यात बर्फ भरून थंड पेयांच्या बाटल्या मांडतात. कधी झेंडूची फुलं भरतात. लग्न ठरलेली जोडपी येतात, माझ्यात बसतात, हातात कोरडी वल्ही धरून एकमेकांकडे बघतात. फोटोग्राफर ओरडतो, "दादा, जरा वल्हवल्यासारखं करा!" ते करतात आणि खळखळून हसतात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

एका सकाळी झाडलोट करायला नवी बाई आली. नवसाबाईची शेजारीण बायडाबाई! झाडता झाडता ती थबकली. टायरच्या कडीवरून तिने बोट फिरवलं. वाकडे टाके बघितले. मग तिने मान वळवून गेटकडे पाहिलं. तिथे खाकी ड्रेसमध्ये सुनील उभा होता. तो धावत आला.

"बायडावहिनी, ताईला सांगू नका. पाया पडतो."

 झाडू तिथेच टाकून बायडाबाई घरी निघून गेली.

दुपारी नवसाबाई आली. गेटवर दोघं समोरासमोर उभी राहिली. माझ्यापासून गेट काही लांब नाही, मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"तू तर सातपूरला कंपनीत लागला होतास ना?" ती म्हणाली.

सुनील गेटमध्ये आडवा उभा राहिला. "ताई, आत सोडायची परवानगी नाय."

"बाजूला हो."

तो बाजूला झाला. ती लॉनवरून चालत आली आणि तशीच माझ्यात उतरून बसली. तिची जुनी जागा, मागची. माझ्या कडेवर तिने हात ठेवला. मग माझ्याशीच बोलायला लागली, माणसाशी बोलावं तसं.

"हा म्हणाला, दोर तुटला, होडी वाहून गेली. दरवाजे सोडले होते ना धरणाचे. मला वाटलं, गेली असंल नदीनं खाली. मी गेले बाई तुला बघायला. पंचवटीत गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी. जो दिसंल त्याला विचारायची, निळी होडी आली का हो वाहत? लोक म्हणायचे, खुळी हाय. पार खाली एकलहऱ्यापर्यंत काठाकाठानं गेले. आणि तू हितं. माझ्या दाराच्या समोर."

सुनील मागे येऊन उभा राहिला होता. तिने वळून बघितलं.

"आणि तू माझ्यासंगं हिंडलास, सुन्या. तूबी लोकांना विचारत होतास, होडी आली का म्हणून. माझे पाय सुजले तर मला टपरीवर बसवून चहा पाजलास. तवा तुला काय वाटत हुतं रं?"

"ताई, मला नव्हतं जायचं पाण्यात," सुनील म्हणाला. "थंडीनं हात फुटायचे. साहेब म्हणले, होडी आण, कायमचं काम देतो. तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस."

"दिली असती." ती इतक्या हळू बोलली की तो जवळ सरकला. "तुझ्या नोकरीसाठी दिली असती. होडी काय, दुसरी झाली असती. पण तू मला विचारलंच नाय. मला वेड्यासारखं फिरवलंस."

तेवढ्यात मॅनेजर आला. काय झालं ते त्याने विचारलं, बायडाबाईने मागून येऊन सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आम्हाला याने स्वतःची म्हणून सांगितलं होतं. तुमची असेल तर घेऊन जा. भोकंही बुजवून देतो."

माझ्या अंगात जीव आला. पाणी समोरच होतं. उतार होता. एक धक्का दिला असता तरी मी घसरत गेले असते.

नवसाबाईने वाकून तळाशी हात नेला. बोटांनी एकेक भोक चाचपलं. मग मॅनेजरला विचारलं, "मी ही नेली, तर याचं काम राहील का?"

मॅनेजर घुटमळला. "खोटं बोलून लागलाय तो. कसं ठेवणार?"

सुनील मान खाली घालून उभा होता.  "घेऊन जा ताई" एवढं जरी म्हणाला असता! म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघत होते, ती त्याच्याकडे बघत होती.

ती उठली. पदर झटकला. माझ्या टोकावर हात ठेवला, जरासा दाबला.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "होडी मी दिली याला." मग सुनीलकडे वळली. "तवा चोरून घेतलीस, आता मी देते. पण हितून पुढं मला ताई म्हणू नको. मी पलीकडल्या काठाची कुणी नवसाबाई, आणि तू गेटवरचा कुणी वॉचमन."

आणि ती गेली. गेटमधून, मागे न बघता.

मला कुणी विचारलं नाही. सुनीलने नोकरीसाठी मला देताना विचारलं नाही, याचं दुःख जुनं झालं. पण नवसाबाईने मला देऊन टाकताना विचारलं नाही, ते अजून ओलं आहे. मला कळतं, तिने माझ्यापेक्षा भावाची भाकरी मोठी मानली. ज्याने तिला फसवलं त्याचीच. असं माणूसच करू जाणे. मी होडी आहे, मला ते जमलं नसतं.

सुनील आता रोज सकाळी मला पुसतो. मॅनेजरने ते त्याच्याच कामात लावून दिलं आहे. फडकं फिरवताना तो दुसरीकडे बघतो. वाकड्या टाक्यांपाशी मात्र त्याचा हात लवकर सरकतो. पगार झाला की तो बायडाबाईच्या हातात काहीतरी कोंबायला बघतो, "ताईला द्या" म्हणतो. बायडाबाई ते परत त्याच्या खिशात ठेवते.

नवसाबाई काही थांबली नाही. ती आता ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून, वर फळी बांधून त्यावर बसते आणि पाण्यात जाते. पाय गार पाण्यात सोडलेले, मांडीवर जाळं, हाताने वल्हवत. इथून मला ती रोज दिसते. ट्यूबवर उभं राहता येत नाही, म्हणून जाळं बसूनच ओढते. जाळं जड लागलं की ट्यूब एका बाजूला कलते, ती अंग दुसरीकडे टाकते, आणि मी इथे गवतावर जागच्या जागी आखडून जाते.

तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यात बसा. फोटो काढा, माझी ना नाही. फक्त एवढं करा. मागे पाण्यावर काळा ठिपका दिसेल, ती नवसाबाई. बघून झालं की गाणी जरा हळू लावा आणि गंमत म्हणून तिला हाका मारू नका. ती दचकली तर ट्यूब उलटते, आणि तिथे पाणी खोल आहे.