कलाबाई यादीत सापडते

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, बिदरमधल्या एका कचेरीतल्या संगणकाचा. बंगळूरच्या कारखान्यात जन्मलो आणि सत्त्याऐंशी साली लाकडी खोक्यातून, भुशात बसून इथं आलो. कचेरीनं नारळ फोडला, माझ्या काचेलाच कुंकू लावलं आणि दाराशी पाटी टांगली, चपला बाहेर काढा. साहेबसुद्धा मोज्यांवर यायचे. लाड तरी किती करावेत!

खरं डोकं शेजारच्या पेटीत. मी नुसता तोंड दाखवणारा. मला चालवायची चंद्रम्मा, हुलसूरची. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि साहेबापुढं दोन्हींची खिचडी. तिनं हुकूम द्यायचा, पेटीनं नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावायची आणि मी ती हिरव्या अक्षरांत दाखवायची. माझ्या अंगावर एका वेळी वीसच नावं मावतात. म्हणून पान संपलं की चंद्रम्मा सांगायची, आधीची वीस सोड, पुढची दाखव. मग आधीची चाळीस सोड. असं पान पान पुढं जायचं.

एका उन्हाळ्यात जनवाड्याच्या बेघर लोकांना घरासाठी जागा वाटायच्या होत्या. त्यासाठी गुलबर्ग्याहून मोठे साहेब आले. चंद्रम्मानं माझ्यावरची नावं वाचायची, शिपाई वीरभद्रप्पानं ती व्हरांड्यात पुकारायची आणि लोकांनी शेजारच्या खोलीत जाऊन कागद घ्यायचा, असं ठरलं. मागं एकदा एक गडी दोनदा रांगेत घुसून दोन जागा लाटून गेला होता. तेव्हापासून कचेरीचा रिवाजच पडला, कागद हातात पडला की नाव लगेच पुसायचं. पुसायचं काम त्या खोलीतल्या दुसऱ्या पडद्यावर चाले. तो माझा भाऊ, एकाच पेटीला जोडलेला. घात तिथंच झाला.

पहिलं पान हरिबाच्या नावावर संपलं. त्या वीस जणांनी कागद घेतले, त्यांची नावं पुसली गेली. चंद्रम्मानं सवयीनं सांगितलं, आधीची वीस सोड. आता ती वीस उरली होती कुठं? त्यांच्या मागची माणसं सरकून पहिली वीस झाली होती, आणि पेटीनं नेमकं त्यांनाच सोडलं. दुसरं पान एकदम नरसिंगपासून सुरू झालं. मला सगळं कळत होतं, पण जे दिलं तेवढंच मी दाखवणार. जीव नुसता कासावीस झाला.

बघता बघता यादी संपली, आणि व्हरांड्यात निम्मी माणसं तशीच उभी! साहेबाचा 'के' अक्षरावर राग दिसतोय, असं कुणीतरी म्हणालं. लोक हसले. कलाबाई मात्र हसली नाही. नवरा गेल्यापासून ती लेकीला घेऊन भावाच्या गोठ्यालगत पत्र्याखाली राहत होती, आणि भावजयीनं आता तीही जागा मोकळी करायला सांगितली होती. इकडं साहेब म्हणाले, उरलेल्या जागा दुसऱ्या गावाला देऊन टाका. ते जीपकडे निघालेसुद्धा.

कलाबाई चपला काढून आत आली.

"जयभीम, अक्का. माझं नाव कामून न्हाई?"

पडद्यावर आलं नाही म्हणजे यादीत नाही, असं चंद्रम्मानं तिला समजावलं. माझ्या साक्षीनं खोटं खपत होतं. फार लाज वाटली मला.

"हरिबा तर पुकारला की," कलाबाई म्हणाली. "त्याच्या मागं कोण हाय, तेवढं तरी बघ."

चंद्रम्माचा हात थबकला. ती रोज सकाळी गल्लीतल्या नळावर पाणी भरायची. पुढची घागर भरून गेली की मागच्या सरकतात. तिथं आपला नंबर कितवा ते धरून बसलं की फसलं. कुणाच्या मागं आपण, ते ध्यानात ठेवायचं असतं. तिनं 'वीस सोड' काढून टाकलं आणि सांगितलं, हरिबाच्या नावानंतरची वीस दाखव.

आणि मी दाखवली! वरच्याच ओळींत कलाबाई. चंद्रम्मा अनवाणीच जीपकडे पळाली. साहेब कुरकुरत का होईना, परत खुर्चीत बसले. व्हरांड्यात पुन्हा पुकारा सुरू झाला.

कागद घेऊन कलाबाई घरी जायची सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मी कुठं हाय, ते दाखव म्हणाली. चंद्रम्मानं तेच पान पुन्हा मागवलं. पण शेजारच्या खोलीत नाव पुसून झालं होतं, आणि खालची नावं वर सरकली होती.

"पुसलं, मावशी. काम झालं तुमचं."

कलाबाईनं कागदाची घडी करून कनवटीला खोवली. मग पदरानं डोळे टिपून म्हणाली, "बरं झालं. बेघराच्या यादीत पुन्हा कधी नगं दिसू माझं नाव."

आता माझ्या जागी नवा पडदा आलाय. मी अडगळीच्या खोलीत, कपाटावर, धूळ खात बसलोय. सामानाच्या यादीतून मलाही कमी करणार आहेत म्हणे. करू द्या. काम झाल्यावर नाव गेलं तर वाईट कशाला वाटून घ्यायचं? तुम्हाला मात्र एक सांगून जातो. कुणाला 'नाव नाही' म्हणण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसाकडं एकदा बघत जा. यादीला तो दिसत नाही, तुम्हाला दिसतो. येतो मी.