छोट्या लाइनचा डबा

आनंदराज भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी मालगाडीचा डबा करायला घेतला.

खेळण्यातला नव्हे. खेळणं म्हटलं की ते दुखावतात. नांदेडला छोटी लाइन होती तेव्हा मालधक्क्यावर जो बंद डबा लागायचा, त्याची हुबेहूब प्रतिकृती. प्रमाण सत्त्याऐंशीला एक. जगात हा छंद करणारी माणसं हेच प्रमाण धरतात, असं त्यांनी मला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. या प्रमाणात अख्खा डबा काड्यापेटीहून थोडा लांब होतो, आणि त्याला तीन वर्षं लागतात.

तीन वर्षं लागली ती संशोधनाला. आनंदराजांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, पण उत्तर वेळेत आलं: सदर डबा या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. त्यांनी अपील केलं. सुनावणीला साहेबांनी आस्थेनं विचारलं, "कधी हरवलाय? पोलिसांत तक्रार दिली का?"

मग त्यांनी स्वतःच वही घातली. जुन्या फोटोंतून, कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपफोटोत मागे उभ्या राहिलेल्या गाडीवरून, त्यांनी रिव्हेटी मोजल्या. छताचा बाक काढला. रंगावर सतरा पानं लिहिली. विटकरी, गेरू की काळपट तांबडा, यावर पुण्याच्या एका छांदिष्ट गृहस्थाशी त्यांचं दीड वर्ष पत्रयुद्ध चाललं आणि शेवटी दोघांनी एकमेकांना नमस्कार लिहिणं सोडलं.

टेपला दोन टोकं असतात. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मी शेजारी राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आबांसाठी. आबा म्हणजे त्यांचे वडील, ज्ञानोबा. वय अठ्ठ्याऐंशी. बत्तीस वर्षं मालधक्क्यावर हमाली केलेली, बिल्ला अजून ट्रंकेत आहे. त्या पाठीवर चार पोरं शिकली, त्यातलं एक मोजणीदार झालं. आबांना काचबिंदू झालाय. यंदा उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "दिवाळीपर्यंत जे दाखवायचंय ते दाखवून घ्या." दुसऱ्या कुणी औरंगाबादची लेणी दाखवली असती. आनंदराजांना पहिल्यापासून एकच वाटत होतं, आबांनी डबा बघावा आणि म्हणावं, हाव, हाच तो. एवढंच. बाकी काही नको.

आबा म्हणेनात.

पहिला डबा त्यांनी डोळ्याजवळ नेला, लांब नेला, हलवून बघितला.

"गोळ्या संपल्या वाटतं हेच्यातल्या."

"आबा, डबा हाय हा. मालधक्क्यावरचा. तुम्ही भरायचे तो."

"मी? हेच्यात?" आबांनी माझ्याकडं बघितलं. "ह्येला बरं वाटत न्हाई का?"

दुसऱ्या डब्याच्या वेळी आनंदराजांनी रीतसर जबाब घेतला. मी लिहून घ्यायला होतो.

"आबा, रंग कोणता व्हता?"

"कशाचा?"

"डब्याचा."

"असंल की कोणता तरी."

"छप्पर गोल व्हतं का चपटं?"

आबांनी खूप विचार केला. "छप्पर व्हतं. पाऊस लागत न्हवता."

"वर आकडे लिहिलेले असायचे. कुठल्या बाजूला?"

"मला वाचता येत व्हतं का रे?"

हे मी लिहिलं नाही. आनंदराजांनी डबा दुसऱ्या बाजूनं वळवून ठेवला. मग म्हणाले, "पुढचा प्रश्न."

पाचव्या डब्यापर्यंत रिव्हेटी दोनशे बारा झाल्या होत्या, भिंगातून मोजाव्या लागत. आबा म्हणाले, "चांगला हाय. पोरीच्या लग्नात देण्यासारखा." घरात लग्नाची पोरगी नव्हती. आनंदराज आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिले.

त्यांची पत्नी विशाखाताई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही तरी समजावा. दिवाळीला दोन महिने राहिले. मामंजींना दिसायचं बंद होईल, तवर हे सहावा करत बसतील."

मी समजावणार होतो, तेवढ्यात चाकूरचा फोन आला. तिकडच्या एका शेतात छोट्या लाइनचा खरा डबा उभा आहे, असा आनंदराजांना पत्ता लागला होता. नांदेडच्याच यार्डातला. भंगारात निघाला तेव्हा मालकाच्या आजोबांनी लिलावात घेतला, चाकं काढून ट्रकवरून नेला आणि शेतात दगडी ओट्यावर मांडून त्यात बी-बियाणं भरलं. मालकाचं नाव बसलिंगप्पा. "या, मोजा, काय हरकत न्हाई," म्हणाले.

घरी त्या दिवशी विशाखाताईंचं महिला मंडळ जमणार होतं, म्हणून आबांनाही गाडीत घातलं. लोहा, अहमदपूर करत आम्ही चाकूरच्या पुढं पोचलो. आबा सगळी वाट झोपले.

डबा होता. अगदी खरा. मात्र अर्धा हिरवा आणि अर्धा गुलाबी.

कारण सोपं होतं. आजोबांनी डबा मांडला तेव्हा शेत एक होतं. नंतर बसलिंगप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ चंद्रप्पा यांची वाटणी झाली आणि बांध नेमका डब्याखालून गेला. हिरवा थोरल्याचा, गुलाबी धाकट्याचा. दार मधोमध, दोन पल्ल्यांचं. डावा पल्ला बसलिंगप्पांचा, त्याला त्यांचं कुलूप. उजवा चंद्रप्पांचा, त्याला त्यांचं. आत तुराट्यांच्या कुडाची भिंत घालून दोन खोल्या केलेल्या. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

हे आम्हाला नंतर कळलं. आनंदराजांनी सवयीनं पिशवीतून टेप काढली, नकाशाची फळी काढली आणि मला गुलाबी टोकाला उभं केलं. टेप ताणली गेली, आणि सोयाबीनमधून चंद्रप्पा पळत आले.

"ओ, थांबा! कुणाच्या हुकमानं मोजणी करायलात? मला नोटीस कुठाय?"

आनंदराजांच्या तोंडून चौतीस वर्षांची नोकरी बोलली. "लगतच्या खातेदाराला नोटीस देणं बंधनकारक आहे, पण ही जमिनीची मोजणी नाही. फक्त डब्याची आहे."

"डबा जमिनीवरच हाय न्हवं?"

यावर कायद्यात उत्तर नसावं. आनंदराजांनी टेप गुंडाळून चाकू काढला.

बसलिंगप्पा हिरव्या बाजूनं पुढं आले. दोन भावांत हातभर अंतर. बसलिंगप्पा मला म्हणाले, "त्यांला सांगा, साहेब नांदेडहून आलेत. खेळण्याचा डबा करायलेत."

आनंदराजांचा चेहरा पडला.

मी चंद्रप्पांना सांगितलं. चंद्रप्पा मला म्हणाले, "त्यांला इचारा, खेळण्याला बांधाचं माप कशाला लागतंय? मागं बी असंच पावणे म्हणून आलते, अन् माझी दीड फूट जमीन गेली."

"त्यांला सांगा, कुणाची गेली ते सगळ्या चाकूरला म्हाईत हाय."

"त्यांला सांगा, चाकूरला बोलवा."

माझी मान दुखायला लागली. आनंदराज तेवढ्यात चाकूच्या टोकानं रंग खरवडत होते. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली पुन्हा हिरवा. "खाली मूळ रंग असणार," ते पुटपुटत होते, "विटकरीच निघणार." चंद्रप्पांनी ते बघितलं आणि म्हणाले, "त्यांला इचारा, आता रंग बी काढून नेणार का?"

या सगळ्यात आबांना आम्ही विसरलोच होतो. ते गाडीतून स्वतःच उतरले होते आणि काठी टेकत दारापाशी येऊन उभे होते. डब्याकडं बघत नव्हते. खाली बघत होते.

"फळी कुठाय?" आबा म्हणाले.

"कसली फळी, आबा?"

"चढायची. फळीबगर डब्यात कसं जायाचं?" मग त्यांनी दोन्ही भावांकडं मान वळवली. त्यांना तोंडं दिसत नसावीत, पण आवाजावरून अंदाज घेतला असावा. "अन् दार उघडा. दोन्ही पल्ले. एका पल्ल्यातून पोतं जात न्हाई."

आवाज मोठा नव्हता. पण बत्तीस वर्षं मालधक्क्यावर ज्या आवाजानं मुकादमालाही बाजूला व्हावं लागलं असेल, तो होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस सांगतोय म्हटल्यावर बसलिंगप्पांनी किल्ली काढली. थोरला किल्ली काढतोय म्हटल्यावर धाकटा मागं कसा राहणार? दोन्ही पल्ले एकाच वेळी उघडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आतल्या कोंबड्यांनाही ते नवीन होतं, त्या बाहेर आल्या आणि कुणाच्या शेतात जावं ते न कळून बांधावरच थांबल्या.

चंद्रप्पांनी बाभळीची एक फळी आणून ओट्याला लावली.

आबांनी काठी माझ्याकडं दिली, चपला काढल्या आणि फळीवर पाय ठेवला. आनंदराज धरायला धावले. "सोड," आबा म्हणाले. पाठीवर काही नव्हतं, तरी पाठ वाकली. मान खाली गेली. हात मागं, न दिसणाऱ्या पोत्याच्या कानांना धरून. चार पावलं. दाराच्या खालच्या कडेला लोखंडाची पट्टी उभी असते, दीड इंच. आबांचा पाय नेमका तिच्यावरून वर उचलला गेला आणि पलीकडं पडला. मग ते थांबले. पाय मागं घेतला आणि उजवा अंगठा त्या पट्टीवर हळूच टेकवला, एकदा, दोनदा.

त्या अंगठ्याला नख नाही. कधीपासून नाही, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

"हाव," आबा म्हणाले. "हाच तो."

आनंदराज ओट्याखाली उभे होते. तीन वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते ऐकून माणूस काय करतो? आनंदराजांनी खात्री करून घेतली.

"नक्की का, आबा?"

"अंगठ्याला इचार. पयल्या वर्सी दोनदा पडलो हितं. मंग पाय शिकला."

"पण रंग, आबा? छप्पर? बत्तीस वर्षं रोज बघितलं ना तुम्ही?"

आबा दारात वाकलेलेच होते. "पाठीवर क्विंटलचं पोतं घे," ते म्हणाले, "अन् वर बगून दाखव."

सोयाबीनवर वारा आला आणि गेला. दोघा भावांनी आपापल्या बाजूनं फळी दाबून धरली. आनंदराजांनी पिशवीतून वही काढली. एकशे अठरा पानं. छत, बाजू, रिव्हेटी, अक्षरं, रंग. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. गुडघ्याखालच्या भागाविषयी वहीत काही नव्हतं.

मग त्यांनी पट्टी मोजली. पालथं पडून, तीनदा. शेवटी पंचनामा लिहिला, कारण न लिहिता ते परत फिरूच शकले नसते. समक्ष पाहणी केली असता दाराच्या कडेस दीड इंच उंचीची पट्टी आढळून आली, ज्ञानोबा यांनी ती ओळखली. पंच म्हणून खाली बसलिंगप्पा आणि चंद्रप्पा या दोघांच्या सह्या घेतल्या. एका कागदावर दोघांची सही अकरा वर्षांत झाली नव्हती. दोघांचेही वकील त्यामुळं नंतर बरेच अस्वस्थ झाले, असं कळलं. आम्ही निघालो तेव्हा भावांनी आपापला पल्ला ओढून आपापलं कुलूप लावलं. चहा मात्र दोन्हीकडं प्यावा लागला.

घरी आल्यावर आनंदराज कामाला लागले. पट्टी दीड इंच. तिला सत्त्याऐंशीनं भागलं तर अर्धा मिलिमीटरही येत नाही. रंगाचा एक थर दिला की पट्टी गायब. आबांच्या अंगठ्यापुढं ती धरणं म्हणजे उगाच म्हाताऱ्याची चेष्टा. दोन दिवस त्यांनी भिंग लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी भिंग पुसून ठेवलं आणि ते वेल्डिंगवाल्याकडं गेले.

आता आबांच्या खोलीच्या दारात लोखंडी पट्टी आहे. दीड इंच उंच, दारभर लांब. प्रमाण एकास एक.

पहिल्याच दिवशी आनंदराज तिला दोनदा ठेचकाळले. विशाखाताई चहाच्या कपासकट. नंतर मी, आणि मग आबांचे डोळे तपासायला आलेले डॉक्टर. डॉक्टर पाय चोळत म्हणाले, "आधी हे काढा. या वयात पडले तर मांडीचं हाड जाईल." विशाखाताई म्हणाल्या, "मी रोज तेच सांगते." आनंदराज म्हणाले, "काढतो." पण तेवढ्यात आबा संडासाकडून परत आले आणि आम्ही चौघं तिथंच उभे राहून बघत राहिलो. डॉक्टरांनी पुन्हा विषय काढला नाही.

दिवाळी होऊन गेली. आबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सहावा डबा कपाटात काचेमागं आहे, रंग न दिलेला. आनंदराजांनी विचारलं होतं, "आबा, कोणता देऊ?"

"दे कोणता बी," आबा म्हणाले. "दिसतोय कुणाला?"

घरातली सगळी माणसं अजून ठेचकाळतात. आबा नाही. ते भिंतीला हात लावत येतात, दाराशी मान आपोआप खाली जाते, आणि उजवा पाय पट्टीवरून बरोबर उचलला जातो. आनंदराजांनी एकदा पाय किती उचलला जातो तेही मोजलं. पावणेदोन इंच. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.