पट्टा पाठवू नकोस

कापडाच्या एका जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर, आठ-दहा कलावंत भाडं वाटून घेऊन काम करायचे आणि त्यांच्यात एक खिडकी होती. भिंतीला होत्या त्या वेगळ्या. ही खिडकी म्हणजे लाकडाचे ठोकळे कोरून छाप काढणारी, पन्नाशीला टेकलेली, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारी बाई. तिला सगळे ‘चौकशीची खिडकी’ म्हणत आणि घाईत असले की नुसतं ‘खिडकी’.

कोणत्या रेसिडेन्सीत, म्हणजे कलावंतांना काही महिने राहून काम करायला बोलावतात अशा जागेत, खोली धड मिळते आणि कुठे नुसतं छप्पर, कोणती फेलोशिप ‘तरुणांसाठी’ म्हणते पण चाळिशीच्या माणसालाही चालवून घेते, कोणतं बक्षीस अर्जालाच पैसे मागतं आणि म्हणून त्याच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. शेवटची तारीख कुणाच्या घड्याळाप्रमाणे धरायची हेसुद्धा तीच सांगायची. मूर्तिकार तिच्यामुळे समुद्रापलीकडे जाऊन आला. फोटोवाल्या जोडप्याला तिच्यामुळे वर्षभराची फेलोशिप मिळाली. परत येताना सगळे तिच्यासाठी पेन्सिली आणायचे, त्यांनी एक बरणी भरली होती. ती स्वतः मात्र कुठेच गेली नव्हती. अर्ज दरवर्षी करायची, नकार दरवर्षी यायचा आणि ती म्हणायची, “सुईणीने गावभरची बाळंतपणं केली म्हणून तिच्या घरी पाळणा हलतोच असं नाही.” लोक हसायचे. घरी गेल्यावर तिला त्याचं हसू यायचं नाही.

तिच्या धाकट्या भावाची बायको विणकाम करायची. आधी घरी, पलंगावर बसून. मग खिडकीनेच तिला गोदामात आणलं, खांबाजवळचा कोपरा दिला आणि सगळ्यांना सांगितलं, “ही माझी भावजय. हिला विणकामवाली बाई समजू नका, हिच्या हातात डोकं आहे.” नणंद-भावजयीचं इतकं पटतं म्हणजे नक्की काहीतरी गडबड आहे, असं मूर्तिकार चिडवायचा. पण पटायचं खरंच. दुपारचं जेवण झालं की खिडकी स्टुलावर दोन्ही हात पुढे धरून बसायची, तिच्या हातांवर लोकरीची लडी चढवायची आणि भावजय समोर बसून त्या लडीचा गुंडा वळायची. घरातल्या कागाळ्या, भावाचं घोरणं, येणाऱ्या-जाणाऱ्या रेसिडेन्सी, सगळं त्या लडीवरच बोलून व्हायचं.

भावजयीची आई वारली तेव्हा तिने आईचे सगळे जुने स्वेटर उसवले. राखाडी, मळकट निळे, एक विटलेला मरून. आई इस्पितळात होती त्या दिवसांची आठवण काढत काढत तिने त्या लोकरीचा एक लांबच लांब पट्टा विणला. डॉक्टर आत गेले त्या दिवसाचे टाके इतके घट्ट, की सुई शिरू नये. आईने पेज मागून घेतली त्या दिवसाचे सैल, मोकळे. मध्ये एके ठिकाणी टाके सुटलेलेच होते, तिथे हात आरपार जायचा. पट्टा वाशापासून जमिनीपर्यंत लोंबायचा आणि खाली घड्या पडून जमा व्हायचा. गोदामाचा मालक भाडं मागायला आला तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि भाडं न मागताच गेला.

खिडकीने तो पहिल्यांदा पुरा टांगलेला पाहिला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच्या पाठोपाठ मनात आलं ते असं: मी इतकी वर्षं लाकूड कोरतेय, आणि हे हिला पलंगावर बसून सुचलं.

मग त्या थंड मुलुखातल्या रेसिडेन्सीची बातमी आली. तळ्याकाठी घर, छापयंत्र, मागही. कागदावर किंवा धाग्यात काम करणाऱ्यांसाठी, आणि जागा एकच. खिडकीने बातमी वाचली आणि सवयीने सगळ्यांना कळवून टाकली. बातमी दडवायची नाही हा तिचा बाणा होता. सल्ल्याबद्दल मात्र त्या बाण्यात काहीच म्हटलेलं नव्हतं.

“ताई, तीनच कामं पाठवायचीत,” भावजय म्हणाली. “पट्टा तर पाठवतेच. बाकीची दोन तुम्ही सांगा.”

खिडकीच्या हातांवर लडी होती. तिने नजर लडीवरच ठेवली.

“पट्टा पाठवू नकोस.”

“का हो?”

“घरगुती वाटतो गं. हौशी. अशा लोकांना सफाई लागते. तुझ्या त्या तीन छोट्या विणलेल्या चौकटी आहेत ना, पांढऱ्या? त्या पाठव.”

भावजयीचा हात क्षणभर थांबला. मग तिने मान डोलावली आणि गुंडा वळायला लागली. “तुम्हाला कळतं त्यातलं,” ती म्हणाली.

चौकटींचे फोटो खिडकीनेच काढून दिले. मागे पांढरी चादर लावली, ऊन उतरायची वाट पाहिली, एकेक फोटो चार-चारदा घेतला. इतकी मेहनत तिने स्वतःच्या अर्जाच्या फोटोंवरही घेतली नव्हती. केसाने गळा कापायचा तर केस तरी स्वच्छ हवा, असाच काहीसा तो प्रकार होता.

निवड खिडकीची झाली.

गोदामात चहा झाला, केक कापला, मूर्तिकाराने टेबलावर चढून भाषण केलं. सगळ्यात जास्त टाळ्या भावजयीने वाजवल्या, तिचे डोळेसुद्धा भरले. “ताई, तुमचंच व्हायला हवं होतं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. खिडकी हसली आणि आपला केकचा तुकडा मूर्तिकाराच्या बशीत सरकवला.

पुढच्या आठवड्यात तिकडच्या संचालकबाईंचा फोन आला. बाई गप्पिष्ट होत्या. थंडीचे कपडे आणा, इथे वाऱ्याला दयामाया नाही, असं सांगता सांगता म्हणाल्या, “तुमच्याच गावातली आणखी एक होती. हात काय सफाईदार! पण जीव कुठे ओतलाय तेच दिसेना. तसं एखादं काम तिने पाठवलं असतं, तर आम्हाला अवघड गेलं असतं.”

खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून भावजयीने नुसतं “ताई” म्हटलं तरी खिडकी दचकायची, आणि वाशाकडे तर ती मान वर करायचीच नाही. सांगून टाकावं असं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. कधी भाऊ समोर असायचा, कधी भावजयीचं डोकं दुखत असायचं, आणि काहीच कारण नसलं की खिडकीचं स्वतःचं दुखायला लागायचं. त्यात भावजय हल्ली कोपऱ्यात पाठमोरी बसायची, खिडकी जवळ गेली की मांडीवरचं पिशवीत सारायची. हिला कळलं की काय? चोराच्या मनात चांदणं, तशी ती रात्रंदिवस तिचा चेहरा वाचत राहिली. तिला धड झोप लागेना.

मग तिने तिला येत होतं तेच केलं. शोधलं. जगभर धुंडाळून एक बक्षीस शोधून काढलं, फक्त धाग्याच्या कामासाठी, मोठं, मानाचं. एकच काम पाठवायचं, जितकं मोठं तितकं बरं. वाचताना तिला वाटलं, हे त्या पट्ट्यासाठीच कुणीतरी काढलंय. पट्टा जाईल, जिंकेल, आणि आपण न सांगताच सगळं फिटेल. किती दिवसांनी तिला भूक लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती गोदामात आली. बाकीचे जेवायला गेले होते. भावजय एकटीच कोपऱ्यात होती.

“अगं, ऐक. एक बक्षीस सापडलंय. मी चुकले होते. पट्टा पाठव, पट्टाच...” म्हणत तिने वाशाकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

“थांबा हो ताई, आधी हे बघा.” भावजयीच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिने पिशवीतून स्वेटर काढला आणि खिडकीसमोर उलगडला. राखाडी, मळकट निळा, गळ्याशी विटलेल्या मरूनची कड. “उद्याच्या आत होतोय की नाही, जीव नुसता टांगणीला लागला होता. तिकडे वाऱ्याला दयामाया नाही म्हणे.”

“हा... ही लोकर...”

“पट्ट्याचीच. तुम्हीच म्हणालात ना, घरगुती वाटतो. मग म्हटलं, घरातच वापरू. आईची लोकर आहे, ऊब आहे तिला. तुमच्या अंगावर असली म्हणजे आईही जाऊन येईल. हात वर करा बघू.”

खिडकीने हात वर केले. दुसरं काय करणार होती? भावजयीने स्वेटर तिच्या डोक्यावरून ओढला. गळा जरा अरुंद होता, डोकं आत अडकलं. आत अंधार होता, लोकरीचा वास होता आणि बाहेरून भावजय हसत होती, “थांबा, ओढू नका, चष्मा आहे कपाळावर.”

तोंड झाकलेलं होतं म्हणूनच ती बोलू शकली.

“पट्टा चांगला होता. मला माहीत होतं. तू पाठवला असतास तर मला मिळालं नसतं, म्हणून नको म्हटलं.”

बाहेरचे हात थांबले.

मग ते पुन्हा हलले, गळा ताणून त्यांनी डोकं बाहेर काढलं. चष्मा नाकावर वाकडा झाला होता. भावजय अगदी समोर उभी होती.

“आता बोला,” ती म्हणाली. “तोंड बाहेर काढून बोला.”

खिडकीने सगळं पुन्हा सांगितलं. संचालकबाईंचं बोलणंही सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला लाज वाटत होती.

“तो कसा आहे ते मला कळत होतं,” भावजय हळू आवाजात म्हणाली. “उसवताना पण कळत होतं. रडत उसवला मी. वाटलं, मी रडतेय ते आईसाठी. काम चांगलं आहे म्हणून रडतेय असं वाटलं नाही, कारण तुम्ही हौशी म्हणाला होतात.”

“मी जात नाही. कळवते त्यांना. तुझं नाव...”

“जा की. चौकटी मीच पाठवल्या होत्या, माझं नाव कशाला? काढा तो.”

खिडकीने स्वेटर काढला. भावजयीने कात्री घेऊन बाह्यांचे टाके सोडवले, गळ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. लोकर नागमोडी होऊन सुटत आली. तिने पायाने स्टूल खिडकीकडे सरकवलं.

“बसा. हात धरा.”

खिडकी बसली. दोन्ही हात पुढे धरले. भावजय एकेक ओळ उसवत गेली आणि वेटोळी तिच्या हातांवर चढवत गेली. घरातली कागाळी नाही, भावाचं घोरणं नाही. एक बाही संपली, दुसरी संपली.

“पुन्हा विणशील ना गं?” शेवटी खिडकीने विचारलं.

“विणेन. तुम्हाला विचारून नाही.”

जिन्यावर बाकीच्यांचे आवाज आले, मूर्तिकार काहीतरी विनोद सांगत वर येत होता. तो दारात थांबला, त्याने दोघींकडे बघितलं आणि मागच्यांना हाताने अडवलं. खिडकीचे खांदे भरून आले होते, हात जड झाले होते. नकळत ते जरासे खाली आले.

“हात खाली करू नका,” भावजय म्हणाली. “अजून सगळी पाठ उरलीय.”