सपाट चौक

चौक म्हणे लोकांनीच आखायचा. त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. सभा कसली, भिंतीवर चौकाचा भलामोठा नकाशा, टेबलावर चहा-बिस्किटं आणि प्रत्येकाच्या हातात तीन रंगीत टिकल्या. जे आवडतं त्यावर हिरवी लावायची, नको असेल त्यावर लाल, बदलायचं असेल त्यावर पिवळी. आर्किटेक्ट बाईंनी खुर्चीवाल्याच्या हातावरही तीन ठेवल्या. हा माणूस वेताच्या खुर्च्या विणायचा आणि जन्मापासून आंधळा होता. बाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. त्याच्या पांढऱ्या काठीला अडखळूनच त्या त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या.

"ताई, यातली हिरवी कुठली?" त्याने विचारलं.

"मधली," असं म्हणून बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्याने तिन्ही टिकल्या बिस्किटांच्या बशीला चिकटवल्या आणि हात झटकले. याला म्हणायचं लोकांचं मत! डोंबलाचं मत.

तो आला होता एकाच गोष्टीसाठी. घरापासून दुकानापर्यंत चारशे बारा पावलं, आणि त्यातली जवळजवळ सगळी चौकाभोवतीच्या फुटपाथवरून. त्या फुटपाथला बोटभर उंचीची दगडी कड होती. काठी कडेला घासत जायचं. कड तुटली की गल्ली आली, थांबायचं, कानोसा घ्यायचा, ओलांडायचं. पुन्हा कड लागली की चालू पडायचं. बावीस वर्षं तो असा एकटा जात-येत होता. आपण कुणाला 'जरा हात द्या हो' म्हटलेलं नाही, याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती.

तो उठून उभा राहिला. "कारंजं लावा, झोपाळे टांगा, काय हवा तो धुडगूस घाला. ती दगडी कड तेवढी ठेवा. मला ती लागते."

कडाडून टाळ्या पडल्या. कशाबद्दल, ते त्याला कळेना. आंधळा बोलला याबद्दलच असाव्यात.

"काकांचा अनुभव आपण स्वतः घ्यायला हवा," आर्किटेक्ट बाई भारावून म्हणाल्या, आणि झालं, पुढच्या रविवारी सकाळी तीस-पस्तीस धडधाकट माणसं डोळ्यांना फडकी बांधून चौकात उतरली. खुर्चीवाला कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. काय ते किंचाळणं, काय ते खिदळणं! एकजण खांबाला "सॉरी" म्हणाला. चौक समितीचे अध्यक्ष, चांगला जडशीळ माणूस, कडेला ठेचकाळून गुडघ्यावर आपटले. त्यांच्यामागून आणखी चौघं तिथेच धडपडली. फडकी सुटली तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं होतं: ही कड आंधळ्यांच्या जिवावर उठलेली आहे.

"काका, रोज हे कसं सहन करता हो तुम्ही?" अध्यक्षांचा आवाज खरोखर दाटून आला होता.

खुर्चीवाल्याला हसावं की रडावं कळेना. "अहो साहेब, तुम्ही पडलात, कारण कड कुठे आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं. ती आहे म्हणूनच मला बाकी सगळं कुठे आहे ते कळतं."

"किती सुंदर बोललात!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मग मतं घेतली. कड काढावी, एकतीस. ठेवावी, एक. अर्धा तास डोळे बांधून हे लोक त्याच्यापेक्षा मोठे आंधळे झाले होते, आणि आंधळ्याचं हित त्यांना आता जास्त कळत होतं.

चार महिन्यांत चौक सपाट झाला. रस्ता आणि फुटपाथ एकाच पातळीत, एकाच गुळगुळीत फरशीचे. गाड्यांनी हळू जायचं आणि माणसांनी कुठूनही चालायचं. उद्घाटनाचा फलक बायकोने त्याला वाचून दाखवला. त्यावर त्याचं वाक्य होतं, फक्त सुरुवातीचा भाग गाळलेला: 'मला बाकी सगळं कुठे आहे ते कळतं.'

पहिल्या दिवशी तो निघाला आणि तिसाव्या पावलाला काठी ताटावरून फिरावी तशी नुसती फिरायला लागली. डावं नाही, उजवं नाही. एक स्कूटर त्याच्या बाहीला घासून गेली. तो घाबरला, चांगलाच घाबरला. तरी हट्टाने तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी पाऊण तास चालून त्याला एकदाचं दार लागलं. दुकानाची किल्ली घातली तर ती फिरेना. हाताने चाचपलं तेव्हा कळलं की आपण आपल्याच घराचं दार उघडतोय. पन्नाशीचा बाप्या पायरीवर बसून रडला.

तेव्हापासून बायको त्याला सोडायला लागली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. सकाळी साडेसहाला निघायची, संध्याकाळी सातला परत. म्हणून तोही साडेसहापासून सातपर्यंत दुकानात. दुकानात मोरी नव्हती. पूर्वी तो दोनदा घरी जाऊन यायचा. आता त्याने दिवसभर पाणी पिणंच सोडलं होतं.

सहा महिन्यांनी दुपारी चारच्या सुमाराला आर्किटेक्ट बाई दुकानात आल्या. लोकांना चौक कसा वाटतो, त्याचा फॉर्म भरून घेत होत्या.

"काका, चौकात किती वेळा येता?"

"रोज दोनदा."

"अरे वा! एकटे की सोबत?"

"बायकोबरोबर. तिचा हात धरून."

"आणि पूर्वी?"

"एकटा."

"म्हणजे पूर्वी एकटे होतात, आता सोबत मिळाली," बाई खुशीत लिहीत म्हणाल्या. "आम्हाला हेच तर हवं होतं."

त्याचे कान तापले. "ताई, त्या कागदावर शिवी लिहायला जागा आहे का?"

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. "शेवटी 'इतर सूचना' आहे ना. एक ओळ."

"नाही पुरायची."

त्या जायला निघाल्या. दाराशी त्यांच्या चपला वाजल्या आणि त्याच्या ओटीपोटात पुन्हा कळ आली. दुपारपासून येत होती. सात वाजायला तीन तास होते आणि तेवढं त्याच्याने धरवणार नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. "मला घरापर्यंत सोडता का? लघवीला जायचंय."

"अहो, त्यात काय एवढं! चला ना," असं म्हणत बाईंनी लगेच त्याचा हात धरला.

चौकातून त्या सावकाश, कौतुकाने चालत होत्या. मध्यावर आल्यावर थांबल्या. "बघा काका, कुठे एक ठेच तरी लागली?"

"नाही," तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. मागून गाडीचा आवाज आला आणि त्याने बाईंचा हात आणखी घट्ट धरला.