बारा मात्रांची शांतता

माझा डावा कान गेलाय आणि उजव्यालाही अगदी जवळचंच तेवढं ऐकू येतं, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी माझी बायको महानंदा. जन्म माझा फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्याचा, त्यामुळे लोकांना कळलं की ते फटाक्यांवर खापर फोडणार, हे ठरलेलं. पण फटाक्यांचा काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ही गोष्ट घडली तेव्हाही साठीला, म्हणजे निवृत्तीला, अजून चार महिने होते, पण कानाला कोण सांगणार?

मी धाराशिवला विद्यापीठाच्या संगीत विभागात तबला शिकवतो. तबलजीला ऐकू येत नाही ही बातमी फुटली असती, तर लातूरहून कुणी तरणा गडी साथीला आला असता आणि मला पहिल्या रांगेत गुच्छ देऊन बसवलं असतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर असं बसायला माझी तयारी नव्हती. म्हणून मी गप्प राहिलो. जुन्या बंदिशींना काही अडचण येत नव्हती. त्या माझ्या हातातच आहेत, कानाची गरज लागतेच कुठे!

आणि नेमकी तेव्हाच पौर्णिमाला अवदसा आठवली.

पौर्णिमा आमच्याकडे व्हायोलिन शिकवते. इथल्याच वाशी तालुक्यातली पोर, तिशीची, गोड बोलणारी आणि हट्टी. तिनं टूम काढली की यंदा प्राध्यापकांची वादनाची बैठक फक्त नव्या रचनांची करायची. वाजवणारे तिघंच. ती, पेटीवर नानासाहेब आणि तबल्यावर मी. मुख्य रचना तिची स्वतःची होती. तिच्यात ठेका नाही, ठरलेली सम नाही आणि मधोमध बारा मात्रा कुणीच काही वाजवायचं नाही.

"बारा मात्रा नुसतं बसायचं?" मी विचारलं.

"व्हय सर. आन् तेराव्या मात्रंला तुमचा डग्गा. एकटाच."

"लोकांना वाटंल आमी इसरलो."

"वाटू द्या की," ती हसत म्हणाली.

महिनाभर तालीम चालली. मी तिच्या व्हायोलिनच्या गजावर आणि नानासाहेबांच्या मानेवर नजर ठेवून वाजवायचो. कुठे किती मात्रा थांबायचं ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून पाठ केलं होतं. व्हायोलिनचं म्हणाल, तर कुठे खरखर, कुठे एखादा तुटका सूर, एवढंच माझ्यापर्यंत यायचं. मी घरी येऊन खुशाल नावं ठेवायचो. चाल नाही, बोल नाही, याला काय संगीत म्हणायचं! महानंदा भाजी निवडत ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "त्या पोरीला एकदा सांगून टाका की. खाणार हाय का ती तुमाला?"

मी जेवणावरून उठलो. राग तिचा नव्हता, भीती वाटत होती मला.

बैठक शनिवारी दुपारी चारला होती. धाराशिवात शास्त्रीय संगीताला माणसं जमवायची म्हणजे घरोघर अक्षता द्याव्या लागतात, पण विद्यार्थी, त्यांचे आईबाप, शेजारपाजार धरून हॉल भरला होता. महानंदा दुसऱ्या रांगेत बसली होती. आम्ही रीतीप्रमाणे, तालमीत बसायचो तसेच बसलो. मधे पौर्णिमा, तिच्या डाव्या हाताला नानासाहेब, उजव्या हाताला मी. म्हणजे तिचं व्हायोलिन बरोब्बर माझ्या मेलेल्या कानाशी.

सूत्रसंचालन बालाजी करत होता, ऑफिसातला क्लार्क. माणूस सोन्यासारखा, फक्त हातात माईक आला की त्याला दम निघत नाही. प्रमुख पाहुण्यांना येडशीहून गाडी पकडायची होती. त्यामुळे त्याला ताकीद होती, पौर्णिमा मॅडमची रचना संपली की लगेच सत्कार उरकायचा.

रचना सुरू झाली. मी गज बघत होतो, मान बघत होतो, मात्रा मोजत होतो. पहिला भाग सुखरूप पार पडला. मग पौर्णिमाचा गज हवेत थांबला. मी डोळे मिटले आणि मोजायला लागलो. एक... दोन...

चौथ्या-पाचव्या मात्रेला कसली तरी सळसळ झाल्यासारखी वाटली. वरचा पंखा असेल. आठ... नऊ... मांडीखालच्या स्टेजच्या फळ्या हलल्या. मी लक्ष दिलं नाही. बारा. तेरा.

मी डग्ग्यावर हात ठेवला आणि तळहात असा दाबत नेला, की तो घुमारा माझ्या बरगड्यांत उतरला.

डोळे उघडले तर समोर वेगळंच दृश्य. बालाजी माईक घेऊन स्टेजच्या मधोमध थिजलेला. एका मुलीच्या हातात शाल-नारळाचं ताट. पाहुणे खुर्चीतून अर्धे उठलेले, ना धड उभे ना धड बसलेले. नानासाहेबांनी पेटीचा भाता बंद केला होता आणि पौर्णिमा व्हायोलिन खाली ठेवून, रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. रचना संपली असं समजून सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या, बालाजीनं सत्कार पुकारला होता आणि हा गाजावाजा मी पंख्याच्या नावावर जमा करून मोकळा झालो होतो!

हात काही थांबला नाही. पौर्णिमानं झटकन व्हायोलिन उचललं. बालाजी मागे सरकत पडद्याआड गेला. पाहुणे बसले. आम्ही उरलेला भाग वाजवला, तेव्हा हॉलमध्ये कुणी जागचं हललंसुद्धा नाही.

संपल्यावर लोक उभे राहिले. पाहुण्यांनी माझ्या उजव्या बाजूला येऊन माईक मागून घेतला. "विद्यार्थ्यांनो, याला एकाग्रता म्हणतात! एवढ्या टाळ्या झाल्या, पुकारा झाला, पण सरांची समाधी भंगली नाही."

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. झाकली मूठ आयतीच सव्वा लाखाची झाली होती. चार महिने काय, पुढची चाळीस वर्षं लोकांनी ही गोष्ट सांगितली असती.

तेवढ्यात पौर्णिमा वाकली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, "सर, माज्या शांततेवर कुनाचाच भरवसा नव्हता. माजाबी उडाला होता. तुमी एकट्यानं ती सांभाळली."

हे मला सहन झालं नाही. तिचा विश्वास मी फुकट लाटत होतो. मी पाहुण्यांकडून माईक घेतला.

"समाधी बिमाधी काय न्हाय," मी म्हणालो. "मला तुमच्या टाळ्या ऐकूच आल्या न्हाईत. डावा कान बंद पडलाय माजा, उजव्यालाबी लांबचं येत न्हाय. दोन वर्षं झाली. कुनाला सांगितलं न्हाय, कारन तुमी मला उठवलं असतं हितनं."

मागे एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. महानंदानं पदर डोळ्यांना लावला. पौर्णिमाकडे बघायची माझी छाती होईना.

"म्हंजे महिनाभर तुमाला माजं व्हायोलिन...?" तिनं विचारलं.

"न्हाय. तुजा गज दिसायचा. सूर न्हाय."

वाटलं, आता ही चिडेल. चिडायला हवं होतं. ती उठली. आपली बसायची गादी उचलली आणि माझ्या पाठीमागून फिरून उजव्या हाताला येऊन बसली. तबलजीच्या या बाजूला मुख्य वाजवणारा कधी बसत नाही. नानासाहेबांनी पेटी सरकवली.

"पाहुणे, तुमची गाडी चुकंल," पौर्णिमा म्हणाली. "पन आमी पुन्हा पहिल्यापासनं वाजवनार."

"चुकू द्या," पाहुणे म्हणाले.

तिनं व्हायोलिन जवळजवळ माझ्या उजव्या कानाला टेकवलं आणि गज ओढला.

चाल होती! शेताच्या बांधावरून आपल्या माणसाला हाळी द्यावी आणि शेवटचं अक्षर लांबवावं, तशी साधी, मायाळू चाल. महिनाभर ती माझ्या शेजारी वाजत होती आणि मी घरी जाऊन तिला शिव्या घालत होतो. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही सुचेना.

तिसऱ्या ओळीला माझी थाप होती. मी ऐकतच राहिलो आणि ती चुकलो. भर बैठकीत जागा चुकायची माझी ही पहिलीच वेळ.

पौर्णिमानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तिनं तीच ओळ पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा. माझा हात तबल्यावर येईपर्यंत ती वाजवत राहिली.