पाचवं शील

"पाचवं तेवढं गाळा, बाबा. चार म्हणा आन् बसा खाली."

सिद्धोधनच्या तोंडून हे निघालं आणि भगवानरावांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. ओट्यावर आम्ही शेजारीपाजारी बसलेलो. कुणी कुणाकडं बघेना.

"शील म्हंजी द्राक्षाचा घड हाय व्हय रं?" म्हातारा म्हणाला. "नासका मणी कातरीनं काढायचा आन् बाकीचा पेटीत भरायचा?"

पेडगावच्या आमच्या वस्तीत कुणी घर बांधो, दुकान टाको की ट्रॅक्टर आणो, आधी वंदना, त्रिशरण-पंचशील होतं, मग बाकीचं. आणि ते द्यायचं भगवानरावांनी. ते एकेक शील म्हणतात, आम्ही मागून म्हणतो. जीव मारणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही आणि पाचवं, नशापाणी करणार नाही. त्यांच्या तोंडाकडं बघून वस्तीतल्या कितीकांनी बाटली सोडली. माझा मेव्हणा त्यातलाच, म्हणून मला त्या माणसाबद्दल जरा जास्तच वाटतं.

आणि आता त्यांच्याच पोराला, सिद्धोधनला, वाइनरी उघडायची होती.

पोरगा हुशार, यात वाद नाही. परभणीला शेतीचं शिकला, मग इटलीत जाऊन द्राक्षमळ्यात राबला, तिथंच वाइन करायला शिकला. परत आला आणि बापाच्या मुरमाड तुकड्यात वेली लावल्या. लोक हसले. इथलं ऊन माणसाला वाळवतं, तिथं द्राक्षं म्हणे! पण वेली जगल्या. बापानंच जगवल्या. छाटणी त्यांची, पाणी त्यांचं. माल नाशिककडं जाईल, पुढचं ज्याचं तो बघेल, अशी मनाची समजूत घालून बसले होते. रानातच शेड उभं राहिलं, स्टीलच्या टाक्या आल्या, तेव्हा समजूत संपली.

"येल छाटताना कुटं गेलतं तुमचं शील?" सिद्धोधनची आई, सगुणाबाई, आतून म्हणाल्या. "लेकरानं जिंदगी लावली हितं. वंदना न्हाई झाली तर वस्ती काय म्हणंल? भगवानरावाच्या घरचंच काम वंदनेबिगर उगडलं म्हणंल."

म्हाताऱ्यानं बशीतला गार चहा संपवला. मग म्हणाला, "म्हणतो. पर पाचच्या पाच म्हणीन. तुला मागून म्हणायचं नसंल तर गप ऱ्हा."

"म्हणीन की. तोंडानं म्हणायला काय जातंय?" सिद्धोधन म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पुण्याची पाहुणेमंडळी पंख्याखाली, आम्ही शेडच्या कडंला. भगवानराव पांढऱ्या धोतरात उभे राहिले. पाचव्याला आले तेव्हा आवाज असा लागला, की टाकीवर आदळून परत आला. आम्ही मागून म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज सिद्धोधनचा होता. समोर कॅमेरे होते ना!

फीत कापली. मग त्यानं काचेच्या पेल्यात लाल वाइन ओतली, फिरवली, हुंगली, एक घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"बया!" वस्तीतली सरजाबाई मला म्हणाली. "सोता थुकून टाकलं आन् लोकायला पाजायलाय!"

शेडमध्ये हसू पिकलं. मीही हसलो. भगवानराव मात्र न जेवता पायवाटेला लागले होते. सिद्धोधन मागं पळाला, आणि मला राहवेना म्हणून मीही.

"बाबा, म्या गिळली न्हाई. चव बगून थुकावंच लागतंय, कामच तसं हाय."

"पिण्याथुकण्याचं कोण बोलायलंय?" म्हातारा वळून म्हणाला. "मनात न्हवतं, तरी समद्या पब्लिकपुडं वरडून म्हणलास. ते कामून केलंस?"



त्या संध्याकाळी विहारात रोजच्या वंदनेला शील द्यायला भगवानराव पुढं गेलेच नाहीत. मागं, दाराशी बसले. वस्तीतले धम्मानंद गुरुजी बोलवायला आले तर म्हणाले, "ज्याच्या घरात पाचवं टिकलं न्हाई, त्यानं म्होरं बसू नये. गुरुजी, तुमी द्या." आयुष्यभर ज्या जागेवर बसले, ती त्यांनी अशी उठून दिली. मला रडूच आलं.

पुढं वाइनरी चालू लागली. पोखर्णीला देवदर्शनाला जाणाऱ्या गाड्यासुद्धा चोरून वळू लागल्या. बाप पहाटे वेलीला पाणी द्यायचा, पोरगा शेडमध्ये. मध्ये एवढंसं रान, पण बोलणं बंद. सगुणाबाई दोघांचे डबे वेगवेगळे बांधायच्या आणि दोघांनाही शिव्या द्यायच्या.

एका संध्याकाळी वंदनेला सिद्धोधन आला. कामावरून तसाच, सदऱ्याला आंबूस वास. बापाशेजारी जाऊन बसला. मी त्याच्या मागंच होतो. गुरुजींनी सुरू केलं. पहिलं त्यानं म्हटलं, दुसरं, तिसरं आणि खोटं न बोलण्याचं चौथंही म्हटलं. पाचवं आलं. सगळी वस्ती म्हणाली. सिद्धोधन हात जोडून, मान खाली घालून गप्प. बायका वळून बघायला लागल्या. त्याचे कान लाल झाले, पण तोंड उघडलं नाही.

वंदना संपली. गुरुजी उठून आले. "भगवानराव, पोरगं आलं. उद्यापासून या आता म्होरं."

म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली.

"पाचवं त्याला जमत न्हाई. पर आज चौथं पाळलं त्यानं, समद्यापुडं." त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. "मी हितंच बसतो, गुरुजी. ह्याच्याजवळ."